बॅक्युला: सहा वर्षांचा वापर आणि कॅटलॉग नव्या मशीनवर उभा करतानाचे दोन दिवस

मी सांगलीत गणपती पेठेजवळच्या एका छापखान्याचे संगणक सांभाळते. डीटीपीची सात विंडोज मशीन, तयार पानं ठेवायचा एक लिनक्स सर्व्हर, हिशोबाचं एक मशीन, आणि माळ्यावर बसवलेला बॅकअप सर्व्हर. त्या माळ्यावरच्या डब्यावर २०१८च्या जानेवारीपासून बॅक्युला हे बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर चालतंय. बॅकअप आणि ड्रॅक्युला जोडून हे नाव झालंय. रात्री सगळे झोपल्यावर येऊन काम करतं म्हणून. २००० साली कर्न सिबाल्ड यांनी ते लिहायला घेतलं, २००२ साली लोकांसाठी खुलं केलं, आणि त्याची कम्युनिटी आवृत्ती आजही फुकट आणि मुक्त आहे.

बॅकअपच्या कुठल्याही सॉफ्टवेअरबद्दल लिहायचं तर दोन प्रसंग यावे लागतात. एक, वापरणाऱ्याचा संगणक जातो तो. दुसरा, खुद्द बॅकअप घेणारं मशीनच जातं तो. पहिला आमच्याकडे २०१९च्या ऑगस्टात आला. कृष्णेला पूर आला, आयर्विन पुलावर धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांच्या घरात गेलं, आणि आमच्या तळमजल्यावरची पाच मशीन टेबलांसकट बुडाली. माळा कोरडा राहिला. पाणी ओसरल्यावर विश्रामबागेत एक खोली भाड्यानं घेतली, नवी मशीन आणली, आणि बॅक्युलातून सगळं काम तिथं उतरवलं. एकही पान हरवलं नाही. तेव्हाच मी हे लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. दुसरा प्रसंग यायचा होता.

तो २०२४ साली आला. रविवार, ११ ऑगस्ट. दुपारी वीज गेली आणि परत आली ती जोरात आली. यूपीएसची बॅटरी तीन वर्षांची झाली होती, ती बदलायची राहून गेली होती. बॅकअप सर्व्हरचा पॉवर सप्लाय, मदरबोर्ड आणि सिस्टिमची एसएसडी, तिन्ही गेलं. बॅकअपच्या दोन चार-टीबीच्या यूएसबी डिस्का मात्र वाचल्या: एक मालक काकांच्या घरी होती, दुसरी माळ्यावर असली तरी वेगळ्या ॲडॅप्टरवर होती.

सोमवारी सकाळी मी मशीन उघडून बघत होते तेवढ्यात आमचे कंपोझिंगवाले दादा जिन्याच्या चौथ्या पायरीवर येऊन थांबले. "काय ओ ताई, एक अडचण झालीय." एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल चालू होता. दादांनी शुक्रवारी संध्याकाळी गेल्या वर्षीची फाइल उघडून तिच्यावरच यंदाचा मजकूर चढवला आणि त्याच नावानं सेव्ह केली. गेल्या वर्षीचे तक्ते गेले. अहवालात चालू वर्षाशेजारी मागच्या वर्षाचे आकडे लावावे लागतात, सभेची तारीख ठरलेली, नोटिशीबरोबर अहवाल सभासदांच्या हातात जायला हवा. एरवी हे माझं पाच मिनिटांचं काम. त्या दिवशी त्या पाच मिनिटांच्या आधी अख्खा सर्व्हर उभा करायचा होता.

बॅक्युलाची रचना थोडी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. डायरेक्टर हा मुकादम: कोणाचा बॅकअप कधी घ्यायचा ते तो ठरवतो. प्रत्येक संगणकावर एक फाइल डीमन बसतो (डीमन म्हणजे मागं गुपचूप चालणारा प्रोग्राम), तो फायली वाचून पाठवतो. स्टोरेज डीमन त्या डिस्कवर किंवा टेपवर लिहितो. ज्यात लिहितो त्याला व्हॉल्यूम म्हणतात. आमचे व्हॉल्यूम ५० जीबीचे, तेव्हा ४१ झाले होते. आणि कुठली फाइल कुठल्या रात्री कुठल्या व्हॉल्यूममध्ये कुठं गेली, ही सगळी नोंद पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये राहते. तो कॅटलॉग. आमच्या कॅटलॉगात ३१ लाखांवर फायलींच्या नोंदी होत्या, आणि तो मेलेल्या एसएसडीवर होता.

काकांना हे सांगायला मला फार शब्द लागले नाहीत. ते ऑफसेट छपाई यायच्या आधीचे जुळारी, म्हणजे शिशाची अक्षरं, खिळे, केस नावाच्या खणांच्या पेटीतून उचलून जुळवणारे. ऐकून म्हणाले, "म्हणजे केस उलटली म्हण की. खिळा एक हरवला नाही, पण कुठला कुठल्या खणातला ते गेलं." अगदी तसंच.

इथं बॅक्युलाची पहिली मोठी जमेची बाजू. कॅटलॉगचाही बॅकअप घ्यायचं काम त्याच्यासोबत येणाऱ्या मूळ सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं. रात्री ११ वाजून ५ मिनिटांनी नेहमीची कामं सुरू होतात, ११ वाजून १० मिनिटांनी कॅटलॉगचं काम लागतं. त्याची प्राधान्याची पायरी १०ऐवजी ११ असल्यानं बाकीची उरकल्याशिवाय ते सुरू होत नाही. डेटाबेस एका एसक्यूएल फाइलीत, म्हणजे तो पुन्हा बांधायच्या आदेशांच्या फाइलीत, उतरवला जातो आणि ती फाइल व्हॉल्यूमवर जाते. म्हणजे शनिवार रात्रीपर्यंतची नोंदवही त्या यूएसबी डिस्कमध्येच होती. ४१ व्हॉल्यूमपैकी एकात, कुठंतरी मधे.

ते 'कुठंतरी' सांगणारी चिठ्ठी म्हणजे बूटस्ट्रॅप फाइल. साधी मजकुराची फाइल: व्हॉल्यूमचं नाव, सत्राचा (बॅकअपच्या त्या फेरीचा) क्रमांक, व्हॉल्यूममधली जागा. पाच-सहा ओळी. पण तीसुद्धा मूळ सेटिंगप्रमाणे सर्व्हरच्याच डिस्कवर लिहिली जाते, म्हणजे घराची किल्ली घरातच. २०१८ साली मॅन्युअल वाचताना त्यात दिलेली एक युक्ती मी वापरली होती: बूटस्ट्रॅप फाइलीच्या नावाच्या जागी उभी रेघ टाकून मेल पाठवायचा आदेश लिहिता येतो. त्यामुळं सहा वर्षं रोज रात्री ती चिठ्ठी माझ्या मेलमध्ये येऊन पडत होती. शनिवारची ११ वाजून ४६ मिनिटांनी आली होती. जो कोणी बॅक्युला लावणार असेल त्यानं हे पहिल्या दिवशी करावं. याच्याविना काम होत नाही असं नाही. बी-एलएस नावाच्या हत्यारानं व्हॉल्यूम चाळून कॅटलॉगचं सत्र शोधता येतं. पण ५० जीबीचे व्हॉल्यूम यूएसबीवरून चाळत बसणं आणि एका चिठ्ठीवरून थेट जागेवर जाणं, यात दिवसाचा फरक पडतो.

नवं मशीन दुपारपर्यंत आलं. जुन्यावर डेबियन ९ हे लिनक्स होतं. त्याचा वाढीव सांभाळही जून २०२२मध्ये संपलेला, म्हणजे ते मी आधीच बदलायला हवं होतं. नव्यावर डेबियन १२ घातलं. जुन्यावर बॅक्युला ७.४, नव्यावर ९.६. जुन्यावर पोस्टग्रेस ९.६, नव्यावर १५. नव्या मशीनला जुनंच नाव आणि जुनाच आयपी पत्ता दिला. हे मुद्दाम, कारण प्रत्येक संगणकावरच्या फाइल डीमनच्या सेटिंगमध्ये डायरेक्टरचं नाव आणि पासवर्ड लिहिलेला असतो. नाव बदललं की तो डायरेक्टरला ओळख देत नाही, आणि मग नऊ ठिकाणी जाऊन दुरुस्ती करावी लागते.

बी-एक्स्ट्रॅक्ट हे व्हॉल्यूममधून फायली थेट बाहेर काढणारं हत्यार डायरेक्टर नको, कॅटलॉग नको, फक्त स्टोरेजची छोटी सेटिंग फाइल, बूटस्ट्रॅपची चिठ्ठी आणि डिस्क, एवढ्यावर चालतं. सेटिंग फाइल माझ्याकडं छापील होती. छापखाना असल्यानं महत्त्वाचं सगळं कागदावर घ्यायची सवय आहे. त्यातला डिव्हाइसचा तुकडा हातानं टाइप केला, आदेश दिला, आणि काही मिनिटांत १.४ जीबीची एसक्यूएल फाइल माझ्यासमोर आली. सोबत बॅक्युलाच्या सगळ्या सेटिंगचा फोल्डरही, कारण कॅटलॉगच्या कामात मी तोही जोडून ठेवला होता. या हत्याराला माझ्याकडून पैकीच्या पैकी. मालकच गेला तरी तिजोरी उघडते, अशी सोय ज्या सॉफ्टवेअरमध्ये नाही ते मी छापखान्यात आणणार नाही.

इथपर्यंत दुपारचे साडेतीन. मला वाटलं पाचला मोकळी होईन.

डेबियननं बॅक्युला बसवताना एक डेटाबेस आणि त्यात कोरे तक्ते आपणहून तयार केले होते. ते मला नको होते, म्हणून तो डेटाबेस काढून टाकला आणि साधा आदेश देऊन नवा तयार केला. मग एसक्यूएल फाइल त्यात ओतली. पडद्यावर त्रुटींचा पाऊस पडला: अमुक तक्ता अस्तित्वात नाही, तमुक इंडेक्स अस्तित्वात नाही. याचं कारण मला ठाऊक होतं. बॅक्युला कॅटलॉग उतरवताना पीजी-डंप या पोस्टग्रेसच्या हत्याराला 'आधी जुनं पाड, मग नवं बांध' असं सांगतं. कोऱ्या डेटाबेसात पाडायला काही नसतं, म्हणून प्रत्येक पाडकामाला 'नाही' असं उत्तर येतं. निरुपद्रवी. मी ते तसंच वाहू दिलं.

डायरेक्टर सुरू केला तर उठेना. लॉगमध्ये स्पष्ट लिहिलं होतं: डेटाबेसची आवृत्ती चुकीची, हवी १६, मिळाली १५ (ही पोस्टग्रेसची नव्हे, बॅक्युलाच्या तक्त्यांच्या रचनेची आवृत्ती). हे अपेक्षितच, आणि त्यावरचा उपायही सोबत येतो. तक्ते अद्ययावत करणारी स्क्रिप्ट पोस्टग्रेसच्या वापरकर्त्यानं चालवायची, मग हक्क देणारी स्क्रिप्ट. दोन मिनिटं. जुन्या सेटिंगमधला डेटाबेसचा पासवर्ड आणि नव्यातला जुळवला. डायरेक्टर उठला. बी-कन्सोलमध्ये, म्हणजे डायरेक्टरला आदेश द्यायच्या खिडकीत, जाऊन कामांची यादी मागितली: सहा वर्षांची कामं ओळीनं. व्हॉल्यूमची यादी: ४१च्या ४१. दादांना खाली हाक मारून सांगितलं, दहा मिनिटांत देते.

रिस्टोअरच्या, म्हणजे फायली परत मागवायच्या, यादीत सहावा पर्याय असतो: ठरावीक वेळेच्या आधीचा बॅकअप. फाइल शुक्रवारी, ९ तारखेला संध्याकाळी खराब झाली, म्हणून ९ तारखेच्या दुपारच्या बाराची वेळ दिली. बॅक्युलानं बरोबर कामं उचलली: रविवार, ४ ऑगस्टचा पूर्ण बॅकअप आणि त्यानंतरचे सोमवार ते गुरुवारचे, फक्त बदललेल्या फायलींचे बॅकअप. मग फोल्डरांचं झाड बांधायला घेतलं. आणि खाली ओळ आली, अर्थ असा: झाडात एकही फाइल आली नाही, त्यामुळं निवड करता येणार नाही; बहुधा तुमच्या मुदतीच्या धोरणानं फायलींच्या नोंदी छाटल्या असाव्यात.

ही ओळ वाचल्यावर माझे हात गार पडले. छाटल्या? फायलींच्या नोंदी किती काळ ठेवायच्या, ती मुदत तर मी वर्षाची ठेवली होती. नव्या मशीनचं घड्याळ चुकलं का, डायरेक्टरनं उठल्या उठल्या जुन्या नोंदी पुसल्या का, असे विचार सुरू झाले. घड्याळ तपासलं, बरोबर. फायलींच्या तक्त्यात किती ओळी आहेत ते थेट पोस्टग्रेसला विचारलं: ३१ लाखांवर. म्हणजे छाटलेलं काहीच नव्हतं. तरी झाड रिकामं.

बॅक्युलाबद्दल माझी खरी तक्रार काही असेल तर ती या एका ओळीची आहे. ती कारण सांगत नाही, अंदाज सांगते. आणि तो अंदाज चुकला की माणूस भलत्याच दिशेला जातो. माझे दोन तास मुदतीच्या सेटिंगमध्ये गेले. त्या दोन तासांत दादा दोनदा जिन्यापर्यंत येऊन, माझ्याकडं बघून, काही न बोलता परत गेले.

रात्री घरी जाऊन जेवले आणि शांत डोक्यानं विचार केला. त्या आवृत्तीत बॅक्युला फाइलीचं नाव आणि फाइलीची नोंद वेगवेगळ्या तक्त्यांत ठेवतं. एका तक्त्यात नुसती नावं, एकात नुसते फोल्डरांचे मार्ग, आणि फायलींच्या तक्त्यात दोन्हींचे क्रमांक. झाड बांधताना तिन्ही जोडतात. एक जरी रिकामा असेल तर जोड शून्य. मंगळवारी सकाळी आल्या आल्या नावांचा तक्ता मोजला. शून्य.

मग सोमवारी वाहू दिलेला तो पाऊस परत पाडला, पण यावेळी एका फाइलीत. त्यातून 'अस्तित्वात नाही' असं म्हणणाऱ्या सगळ्या ओळी वगळल्या. उरली एकच त्रुटी, सोबत तिचा संदर्भ: नावांचा तक्ता भरताना अमुक ओळीवर यूटीएफ-८मध्ये (युनिकोड अक्षरं साठवायच्या पद्धतीत) न बसणारी बाइट सापडली. एका ओळीमुळं त्या तक्त्याची सगळी भरती रद्द झाली होती, आणि फाइल ओतणाऱ्या पीएसक्यूएल या हत्याराची मूळ सवय अशी की त्रुटी आली तरी तो थांबत नाही, पुढचा तक्ता भरायला घेतो. बिनमहत्त्वाच्या शेकडो तक्रारींच्या गर्दीत एक खरी तक्रार उभी होती आणि मी तिच्यावरून नजर फिरवून पुढं गेले होते.

ती ओळ कुठली, हे बघायला मी एसक्यूएल फाइल तिथंच उघडली. आणि मला खरंच भरून आलं. ते १९९९च्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ होतं. युनिकोड रूढ होण्याआधी मराठी डीटीपी सगळी आठ-बिटी फॉन्टांवर चालायची: पुण्याच्या मॉड्युलरचं श्री-लिपी, पुण्याच्याच सी-डॅकचं आयएसएम. पडद्यावर 'क' दिसायचा, फाइलीत प्रत्यक्षात इंग्रजीच्या पल्याडचं एखादं चिन्ह असायचं. त्या काळी कोणीतरी फाइलीचं नावही तसंच टाइप केलं, ते सीडीवर गेलं, सीडीवरून लिनक्स सर्व्हरवर आलं, आणि त्या विचित्र बाइटींसकट जसंच्या तसं राहिलं. लिनक्सला फाइलीच्या नावात काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं. तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं. अशा नावाच्या ३८० फायली आमच्या संग्रहात निघाल्या. सगळ्या २००६च्या आतल्या.

आता कळलं की बॅक्युला आपला डेटाबेस एसक्यूएल-अ‍ॅस्की या प्रकारातच का मागतं. नाव ऐकून वाटतं की यात फक्त इंग्रजी अक्षरं मावतील. अर्थ उलटा आहे: पोस्टग्रेसनं अक्षरं तपासू नयेत, ज्या बाइटी आल्या त्या तशाच ठेवाव्यात. जगातल्या कुठल्याही संगणकावरच्या, कुठल्याही काळातल्या, कुठल्याही लिपीतल्या नावाला न हात लावता सांभाळायचं असेल तर हाच मार्ग आहे. मराठीत काम करणाऱ्या जुन्या छापखान्याला, वर्तमानपत्राला, ग्रंथालयाला याची किंमत फार मोठी आहे. मी मात्र साधा आदेश देऊन डेटाबेस केला, तो यूटीएफ-८ झाला. बॅक्युलाची स्वतःची डेटाबेस बनवणारी स्क्रिप्ट वापरली असती तर तो बरोबर झाला असता. आणि लॉगमध्ये सोमवारीच इशारा पडला होता: एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) हवं एसक्यूएल-अ‍ॅस्की, मिळालं यूटीएफ-८. पण तो फक्त इशारा असतो. डायरेक्टर त्यासाठी अडून बसत नाही, कामाला लागतो. आवृत्ती चुकली तर उठत नाही आणि एन्कोडिंग चुकलं तर उठतो, हे मला पटलेलं नाही. दोन्हींना अडायला हवं.

मग सगळं पाडून पुन्हा केलं. डायरेक्टर बंद. डेटाबेस काढला. टेम्पलेट-झिरोवरून, एसक्यूएल-अ‍ॅस्की, क्रमवारी आणि अक्षरप्रकार दोन्ही 'सी', असा नवा बनवला; टेम्पलेट-झिरो म्हणजे पोस्टग्रेसचा कोरा साचा. एसक्यूएल फाइल ओतली, त्रुटी फाइलीत घेतल्या, 'अस्तित्वात नाही'वाल्या वगळल्या, काही उरलं नाही. नावांचा तक्ता मोजला: भरलेला. आवृत्तीची स्क्रिप्ट, हक्कांची स्क्रिप्ट. एकूण पस्तीस मिनिटं लागली, त्यातली बरीच इंडेक्स बांधण्यात गेली.

डायरेक्टर उठवण्याआधी यावेळी एक काळजी घेतली, आणि ती सोमवारीच घ्यायला हवी होती: रात्रीची वेळापत्रकं बंद केली. परत आणलेली नोंदवही शनिवार रात्रीची आहे, आणि तीही त्या रात्रीचं कॅटलॉगचं काम संपायच्या आधीची. म्हणजे शेवटच्या व्हॉल्यूममध्ये नोंदवहीला माहीत नाही असा थोडा डेटा आहे. नवं लिखाण तिथं सुरू होऊ नये म्हणून बी-कन्सोलमधून त्या व्हॉल्यूमचा दर्जा 'वापरलेला' असा करून टाकला. पुढचा बॅकअप नव्या व्हॉल्यूमवर.

रिस्टोअर, पर्याय सहा, तीच वेळ. यावेळी झाड उभं राहिलं. फोल्डरात शिरले, पतसंस्थेचा अहवाल दिसला, खूण केली, हो म्हटलं. काम सुरू झालं आणि लगेच पडलं: व्हॉल्यूम उघडायला परवानगी नाही.

हे आदल्या दिवशी का दिसलं नाही? बी-एक्स्ट्रॅक्ट मी रूटनं, म्हणजे सगळे हक्क असलेल्या वापरकर्त्यानं, चालवला होता, त्याला कोण अडवणार. स्टोरेज डीमन मात्र डेबियनवर बॅक्युला नावाच्या वापरकर्त्यानं चालतो. जुन्या मशीनवर त्या वापरकर्त्याचा क्रमांक ११३ होता, नव्यावर १०७ पडला, आणि डिस्कवरच्या फायलींची मालकी नावानं नाही, क्रमांकानं लिहिलेली असते. सगळे व्हॉल्यूम बॅक्युला वापरकर्ता आणि टेप गट यांच्या नावावर केले. पुन्हा रिस्टोअर. दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी फाइल दादांच्या मशीनवर उतरली. त्यांनी पेजमेकरात उघडली, तक्त्याचं पान काढलं, बेरीज बोटानं तपासली, आणि काही न बोलता माझ्यासाठी चहा सांगितला.

मी तिथंच थांबले नाही. १९९९चं ते मुखपृष्ठही मागवलं. नाव आजच्या संगणकावर चौकटी आणि प्रश्नचिन्हांचं दिसतं, पण बाइट न बाइट मूळ नावाची, आणि आत चित्र शाबूत.

तर मत काय? ज्याच्याकडं एक-दोन संगणक आहेत त्यानं बॅक्युलाच्या वाटेला जाऊ नये. तीन प्रकारचे डीमन, प्रत्येकाची सेटिंग, जोडीजोडीनं जुळवायचे पासवर्ड, आणि वर एक डेटाबेस सांभाळायचा. एवढा पसारा घरातल्या फोटोंसाठी नको. त्यांना साधी नक्कल घेणारी हत्यारं पुरतात. पाच-सातपेक्षा जास्त मशीन असतील, त्यात विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, जुन्या फायली वर्षानुवर्षं ठेवायच्या असतील आणि सांभाळायला एक माणूस असेल, तर मी डोळे मिटून हेच सांगेन. माहितीपुस्तिका लांबलचक आहे. निदान कॅटलॉग आणि आपत्तीनंतरच्या उभारणीची प्रकरणं तरी लावण्याआधी वाचावीत, नंतर नव्हे.

कॅटलॉगचा बॅकअपच नसेल तर काय, हेही मी नंतरच्या आठवड्यात एका फालतू डेटाबेसावर करून बघितलं. बी-स्कॅन नावाचं हत्यार व्हॉल्यूम वाचून नोंदी पुन्हा बांधतं. आमच्या ५० जीबीच्या एका व्हॉल्यूमला यूएसबीवर पाऊण तास लागला. ४१ व्हॉल्यूमना तीस तासांवर लागले असते. दोर आहे, मजबूत आहे, पण शेवटचा आहे.

आता आमच्याकडं यूपीएसची बॅटरी नवी आहे. एसक्यूएल फाइलीची एक प्रत रोज पानांच्या सर्व्हरवर जाते, बूटस्ट्रॅपची चिठ्ठी मेलबरोबर काकांच्या घरच्या मशीनवरही जाते. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी एका जुन्या मशीनवर कॅटलॉग उतरवून एक फाइल परत मागवते आणि दादांना उघडून बघायला लावते. उभारणीच्या पायऱ्या काकांनी स्वतः आर्ट कार्डावर सोळा पॉइंटात छापून माळ्याच्या जिन्याशेजारी लावल्यात. तिसरी पायरी लाल शाईत आहे: डेटाबेस टेम्पलेट-झिरोवरून, एसक्यूएल-अ‍ॅस्की, आणि ओतल्यावर नावांचा तक्ता मोजणे.